देशातली सर्वात वेगवान बाई आणि तिचा घाबरट नवरा

चार माणसं रोज सकाळी एकत्र येऊन घाम गाळायला लागली, की त्यांच्याकडे मेडल जमायच्या आधी किस्से जमतात. आमच्या रेवदंड्याच्या ग्रुपकडे मेडल मोजकीच आहेत, पण किस्से इतके साचलेत की एक काढला की दुसरा त्याच्या मागोमाग निघतो. ते सांगायला मी सगळ्यात योग्य माणूस, कारण मी त्या ग्रुपमध्ये पोहत नाही, सायकल चालवत नाही आणि पळतही नाही. मी घाबरतो. प्रत्येक ग्रुपला असा एक माणूस लागतो.

माझं नाव दिनेश. रेवदंड्याला माझं मेडिकलचं दुकान आहे. बायको वैशाली शाळेत पीटी शिकवते आणि तिला लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनचा नाद आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आधी समुद्रात जवळजवळ चार किलोमीटर पोहायचं, बाहेर येऊन एकशेऐंशी किलोमीटर सायकल हाणायची आणि ती ठेवली की अख्खी मॅरेथॉन पळायची. सगळं एकाच दिवसात, मधे न थांबता. तिने मला हे पहिल्यांदा समजावलं तेव्हा मी विचारलं होतं, "ही शिक्षा कुठल्या गुन्ह्यासाठी?"

*

ग्रुपचे कोच म्हणजे नझीरभाई. मूळचे श्रीवर्धनचे. बरीच वर्षं आखातात नोकरी केली, आता चौलला सुपारीची वाडी बघतात. तिकडे असताना त्यांनी ही रेस केली आणि तेव्हापासून त्यांना एक वेड लागलं. कुठल्या देशाच्या माणसाने ही रेस किती वेळात संपवली, त्या देशात सर्वात वेगवान कोण, खंडात पहिला कोण, हे सगळं त्यांना पाठ आहे. युरोपातले पुरुष साडेसात तासांच्या आत आलेत, हे ते अशा आवाजात सांगतात की ऐकणाऱ्याला आपणच काहीतरी चोरलंय असं वाटतं. आशियाची पाळी आली की आवाज खाली येतो. आपल्या देशाची पाळी आली की ते चहा मागवतात.

कोणी दमून वाळूत बसलं, की नझीरभाई डोक्यावर उभे. "बसा, बसा, आरामात. नॉर्वेवाला आत्ता अंघोळ करून जेवला असता." माणूस घाबरून उठतोच.

एकदा ते दुकानात आले आणि वैशालीला म्हणाले, "वैशालीताई, प्रत्येक देशापुढे बायकांतलं एकच नाव असतं. सर्वात वेगवान बाईचं. आपल्या देशापुढचं नाव तुमच्यापासून लांब नाही. मागच्या रेसला थोडक्यात राहिलं." ते खरंच थोडक्यात होतं. जेवढ्या वेळात मी अंघोळ उरकतो, तेवढंच.

वैशालीचे डोळे चमकले.

"इन्शाल्ला मिळेल," नझीरभाई म्हणाले, "पण त्यासाठी भीती सोडायला लागेल."

"मला भीती वाटतच नाही," वैशाली म्हणाली आणि तिने माझ्याकडे बोट दाखवलं. "घरातली सगळी यांच्याकडे आहे."

*

तिसरे आमचे डॉक्टर. नेरुळला त्यांचा दातांचा दवाखाना आहे आणि शनिवार-रविवार ते गाडीच्या टपावर सायकल बांधून आमच्याकडे येतात. नझीरभाईंचे देश आणि खंड ऐकून ऐकून त्यांना एक कल्पना सुचली. आपल्याहून हळू विक्रम असलेला देश जगात कुठे ना कुठे असणारच. आठवडाभर मोबाईलवर शोधाशोध करून त्यांनी तो काढला. पॅसिफिकमधलं कुठलंसं बेट.

"बॉस, सिंपल आहे. तिकडची सिटिझनशिप घ्यायची. आपण डायरेक्ट नॅशनल रेकॉर्ड होल्डर."

नझीरभाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "त्या बेटावरची माणसं पोहायचा सराव कुठे करतात, माहीत आहे?"

"कुठे?"

"स्विमिंग पूलमध्ये."

"का? चारी बाजूंनी समुद्र आहे ना?"

"समुद्रात शार्क आहेत."

डॉक्टरांनी उभ्या जागी नागरिकत्व सोडलं. एवढंच नाही, त्या सकाळी ते आमच्या समुद्रातही कमरेच्या पुढे जाईनात. मग आमचा होडीवाला हिराजी त्यांची समजूत घालायला लागला. "आपल्याकरं तसा काय न्हाय डॉक्टर. बिनधास्त उतरा." डॉक्टर दोन पावलं पुढे गेले. हिराजीला खोटं बोलवत नाही, म्हणून त्याने मागून जोडलं, "मुशी असतान, पन बारक्या."

मुशी म्हणजे शार्कचीच लहान जात. आमच्याकडे तिचं कालवण करतात, पण डॉक्टर ते ऐकायला पाण्यात थांबले नव्हते.

*

हिराजीला हा सगळा प्रकारच मान्य नाही. पोहणाऱ्यांच्या बाजूने होडी ठेवायची आणि कोणी दमलं तर वर घ्यायचं, हे त्याचं काम. पण तो दर वेळी विचारतो, "होरी हाय ना? मंग पान्यात कशाला उतरता?" मला त्याचं म्हणणं शंभर टक्के पटतं.

किनाऱ्यावरची मोजदाद माझ्याकडे. नियम असा, की पाण्यात उतरणाऱ्याने चपला भरतीच्या रेघेच्या वर एका ओळीत काढायच्या आणि बाहेर आलं की आपापल्या घालायच्या. ओळीत चपला उरल्या, म्हणजे माणूस अजून पाण्यात. लाटांमध्ये डोकी मोजता येत नाहीत, चपला मोजता येतात. हा नियम मी स्वतः काढला होता आणि मला त्याचा अभिमान होता.

एका सकाळी सगळे बाहेर आले, चपला घालून अंग पुसायला लागले, आणि ओळीत एक जोड तसाच. "एक माणूस आत राहिलाय," मी ओरडलो. कोण, हे विचारायचं कोणालाच सुचलं नाही. वैशालीने पायातल्या चपला भिरकावल्या आणि पुन्हा पाण्यात झेप घेतली. नझीरभाई तिच्या मागे. डॉक्टर मदतीला फोन लावायला गेले, तर त्यांना स्वतःच्याच मोबाईलचा पासवर्ड आठवेना. हिराजी होडीत उठून उभा राहिला, "कोन बुरला?" असं ओरडला आणि उत्तराची वाट न बघता खाडीच्या तोंडाकडे निघाला.

बराच वेळ शोधाशोध चालली. माझ्या डोळ्यांपुढे पोलीस, पंचनामा, पेपरातली बातमी, सगळं येऊन गेलं. शेवटी होडी किनाऱ्याला लागली. हिराजी खाली उतरला, त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "न्हाय गावला," म्हणाला आणि ओळीपाशी जाऊन त्याने त्या उरलेल्या चपला पायात घातल्या.

आमच्याकडे होडीत चपला घालून कोणी चढत नाही. त्या दिवशी घाईत त्याने त्या आमच्याच ओळीत काढल्या होत्या. इतका वेळ तो बिचारा स्वतःलाच शोधत होता.

*

डॉक्टरांचा अजून एक किस्सा आहे. तो त्यांनी आपल्या बायकोला अजून सांगितलेला नाही.

रेवदंड्याच्या किल्ल्याच्या बाजूला कोळी लोक जाळी लावून ठेवतात. पोहताना डॉक्टरांचा पाय त्यात गेला. मी त्या दिवशी हिराजीच्या आग्रहाने होडीत बसलो होतो, म्हणून सगळं जवळून बघितलं. माणूस पाण्यात ओरडत नाही, ओरडायला तोंड पाण्याबाहेर लागतं. ते नुसते वर-खाली होत होते आणि दर वेळी थोडे कमी वर येत होते. नझीरभाईंनी त्यांची हनुवटी धरून ठेवली आणि हिराजी वाकून जाळं हळूहळू वर ओढायला लागला.

"हालू नका डॉक्टर," तो म्हणत होता. "मासा हालतो म्हनून अरकतो."

डॉक्टर खरोखर मेल्यासारखे पडून राहिले. मला वाटलं, गेले. पाय सुटला, दोघांनी त्यांना होडीत घेतलं. पांढरेफटक पडले होते, दात वाजत होते. सगळ्यात आधी त्यांनी काय केलं असेल, तर मनगटावरचं घड्याळ बंद केलं. "नझीरभाई, जाळ्यात गेलेला टाइम मायनस करायचा ना?"

"मायनस कशाला? राहू द्या," नझीरभाई धापा टाकत म्हणाले. "जाळ्यात अडकून बाहेर आलेल्यांत आशिया खंडात तुम्ही पहिले."

सगळे हसले. मी हसलो नाही, कारण मला होडीचा दोर सोडता येत नव्हता. हिराजीला माझी बोटं एकेक करून उघडावी लागली.

*

पळायच्या सरावाला वैशाली चौलच्या वाड्यांमधून जाते. अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना नारळी-पोफळी, आणि स्कूटरवर पाण्याच्या बाटल्या घेऊन तिच्या मागे मी. एका संध्याकाळी वळणावर चार-पाच माणसांनी माझी स्कूटर अडवली. वाडीतलं काम आटोपून निघाली होती, एकाच्या हातात कोयता होता.

"काय रं, बाईच्या मागं कशाला लागलास?"

मी हात वर केले. "मी तिचा नवरा आहे."

कोयतेवाला शेजारच्याला म्हणाला, "म्हनूनच पळत्येय बिचारी."

मी जीव खाऊन हाक मारली, "वैशाली, सांग ना यांना." ती पुढच्या वळणावरून ओरडली, "घड्याळ चालू आहे," आणि दिसेनाशी झाली.

ती फेरी पुरी करून परत येईपर्यंत त्यांनी मला एका ओट्यावर बसवून ठेवलं. माणसं वाईट नव्हती. पाणी दिलं, गाव विचारलं, दुकान कुठलं विचारलं. पण कोयता काही खाली ठेवला नाही, आणि मीही त्याच्यावरून नजर हलवली नाही. परत येतानाही वैशाली थांबली नाही. पळता पळताच मान वळवून म्हणाली, "सोडा त्यांना, माझेच आहेत."

*

तिच्या त्या घड्याळात एक सोय आहे. माणूस जोरात आपटला किंवा एकदम थांबला, तर ते घरच्यांना आपोआप मेसेज पाठवतं. घरचा म्हणजे मी. एका दुपारी दुकानात गर्दी असताना तो मेसेज आला. वैशालीला अपघात झाला असावा, असं वर लिहिलेलं आणि खाली नकाशावर ठिकाण. काशीदच्या अलीकडचा उतार.

मी दुकान उघडं टाकलं. पिशवीत बँडेज, कापूस, ओआरएसची पाकिटं भरली आणि, का कोण जाणे, खोकल्याचं औषध भरलं. साळावच्या पुलावर थांबून फोन लावला, तिने उचलला नाही. कोर्लईला लावला, उचलला नाही. मला एवढंच दिसत होतं, की रस्त्यात सायकल आडवी पडली आहे आणि लोक गोल करून उभे आहेत. ते लोक बाजूला होऊन मला वाट देतात, इथपर्यंत मी रोज मनात नव्याने बघत आलोय.

सायकल मैलाच्या दगडाला टेकवलेली होती. वैशाली शेजारी बसून ताडगोळे खात होती. ताडगोळेवाली दिसली म्हणून तिने उतारावर करकचून ब्रेक मारला होता, आणि फोन सायकलच्या पिशवीत होता.

मी रागवायला तोंड उघडलं आणि रडायलाच लागलो. भर रस्त्यात, हेल्मेट न काढता. ताडगोळेवालीला वाटलं, माझं कोणीतरी गेलं. तिने एक ताडगोळा फुकट दिला. वैशालीने तो सोलून माझ्या हातात ठेवला आणि म्हणाली, "अहो, मेसेजची ती सोय बंद करून टाकू का?"

"नको," मी म्हटलं. "मग मला दिवसभर नुसतं वाटतच राहील."

*

वैशालीचं माहेर पालीजवळ. भातशेतीचं घर, आई अजून स्वतः लावणीला उतरते. परदेशातल्या मोठ्या रेसला जायच्या आधी आम्ही तिघं बल्लाळेश्वराला गेलो. प्रत्येकाने आपापलं हात जोडून मागितलं आणि बाहेर येऊन सावलीला बसलो.

"जावईबापू, काय मागितलंत?" आईंनी विचारलं.

"सुखरूप परत येऊ दे."

"मी वेळ मागितली," वैशाली म्हणाली. "देशात पहिली. तू काय मागितलंस?"

आईंनी पदराने तोंड पुसलं. "मी मागितलं, हिचा पाय मुरगळू दे. जायच्या आधी."

"आई?"

"थोडासाच मागितलाय. फार न्हाय."

वैशाली हसली आणि नेहमीसारखी ढांगा टाकत गाडीकडे निघाली. मी मागून तिच्या घोट्यांकडे बघत चाललो होतो. रस्त्यात एक खड्डा होता, तो तिला दाखवायला मी तोंड उघडलं आणि क्षणभर बंद केलं. तेवढ्यात ती तो ओलांडूनही गेली होती.

*

एक किस्सा असा आहे, जो ग्रुपमध्ये कोणी हसत सांगत नाही.

रेवदंड्याला कुंडलिका समुद्राला मिळते. ओहोटी लागली की खाडीचं सगळं पाणी त्या तोंडातून बाहेर धावतं, म्हणून ओहोटीच्या आत बाहेर यायचं, हे आमचं ठरलेलं. त्या दिवशी डॉक्टरांची गाडी वडखळच्या ट्रॅफिकमध्ये अडकली, सगळे उशिरा उतरले आणि तरीही पूर्ण अंतर पोहायचा हट्ट धरला. मी नको म्हटलं होतं. पण मी रोजच नको म्हणतो, त्यामुळे ते कोणी मोजत नाही.

पाणी फिरलं. नझीरभाई आणि डॉक्टर हिराजीच्या हाताला लागले, त्याने त्यांना ओढून होडीत घेतलं. वैशाली पुढे होती. ती नेहमीच पुढे असते. होडी तिच्या दिशेने गेली, फिरली, पुन्हा गेली. मग तिला न घेताच होडी किनाऱ्याला लागली, नझीरभाई आणि डॉक्टर खाली उतरले. हिराजी एकटाच परत आत गेला.

ओळीत एक जोड होता. या वेळी तो कोणाचा हे विचारायची गरज नव्हती. निळ्या पट्ट्यांच्या, मीच आणलेल्या. मी त्यांच्या शेजारी बसलो. समुद्र मागे मागे सरकत होता आणि चपला पाण्यापासून लांब लांब जात होत्या. माझ्या मनात एकच विचार घोळत होता, की या चपला इथून उचलायच्या कोणी.

ऊन चांगलंच वर आल्यावर साळावच्या बाजूने एक रिक्षा आली. त्यातून वैशाली उतरली. पोहायच्या कपड्यांवर कोर्लईच्या कोणा बाईचं जुनं पातळ गुंडाळलेलं. पाणी ओढायला लागल्यावर तिने त्याच्याशी झगडायचं सोडून दिलं होतं आणि तिरकं तिरकं पोहत खाडीच्या पलीकडे कोर्लईला बाहेर पडली होती.

"नझीरभाई, ही वेळ धरायची नाही," ती म्हणाली. "ओहोटी माझ्या बाजूने होती."

नझीरभाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मी तिच्या पायात चपला घालायला खाली वाकलो. डावी उजव्या पायात गेली. ती तशाच घालून घरापर्यंत चालत आली.

*

आणि आता तो परदेशातल्या रेसचा.

पासपोर्ट माझाही काढलेला होता. पण मी मांडव्याच्या लाँचमध्येसुद्धा डोळे मिटून बसणारा माणूस, विमानात काय चढणार? वैशालीबरोबर नझीरभाई गेले. निघायच्या दिवशी दुकानाच्या पायरीवर त्यांनी तिला सगळे नियम पुन्हा ऐकवले. रेस चालू असताना बाहेरच्या माणसाची मदत घ्यायची नाही. वाटेत कोणाचा फोन घेऊन बोललं तरी बाद. मग वेळ कितीही चांगली असो, ती कुठेच धरत नाहीत. "फोन हातात घेतला, की देश पण गेला आणि खंड पण गेला," ते म्हणाले.

वैशाली हसली. "मी कोणाला फोन करणार आहे?"

रेसच्या दिवशी डॉक्टर, हिराजी, वैशालीची आई आणि मी, असे दुकानात माझ्या फोनभोवती बसलो होतो. अ‍ॅपवर नकाशा होता आणि नकाशावर एक निळा ठिपका. तो ठिपका म्हणजे वैशाली. ती समुद्रातून बाहेर आली तेव्हा मी त्या दिवशीचं पहिलं पाणी प्यायलो. सायकल संपली तेव्हा दोन घास खाल्ले. पळताना तर ठिपका असा काही सुटला होता, की डॉक्टर सारखं म्हणत होते, "बॉस, मिळतंय. आरामात मिळतंय."

आणि मिळालं. ठिपका शेवटच्या रेषेला लागला तेव्हा देशातल्या सर्वात वेगवान बाईच्या वेळेला अजून अवकाश होता. डॉक्टर खुर्चीवर चढले. हिराजी आईंच्या पाया पडला. पाय मुरगळायचं मागणाऱ्या आईंनी पिशवीतून पेढे काढले, ते त्यांनी पालीहून निघतानाच घेतले होते. मी कोणाच्या तरी गळ्यात पडून रडलो, बहुतेक ते गिऱ्हाईक असावं.

तेवढ्यात नझीरभाईंचा मेसेज आला. "फिनिशला उभा आहे. वैशालीताई अजून आल्या नाहीत."

आम्ही ठिपक्याकडे बघितलं. तो रेषेवरच होता. डॉक्टरांनी मेसेज पुन्हा वाचला आणि सावकाश खुर्चीवरून खाली उतरले. पळणाऱ्याच्या पायाला चिप बांधलेली असते. रस्त्यात ठरावीक ठिकाणी पट्ट्या अंथरलेल्या असतात आणि पट्टीवरून पाय गेला, तरच अ‍ॅपला कळतं. मधल्या वाटेत ते आधीच्या वेगावरून ठिपका नुसता अंदाजाने पुढे ढकलत राहतं. हे डॉक्टरांना माहीत होतं आणि आनंदात ते विसरले होते. आम्ही पेढे वाटले ते अंदाजाचे. वैशाली शेवटच्या पट्टीनंतर कुठेतरी होती, आणि कुठे, ते कोणालाच माहीत नव्हतं.

आईंच्या हातात अर्धा पेढा तसाच राहिला होता. आणि माझा फोन वाजला. परदेशातला अनोळखी नंबर.

मला तो उचलता आला नाही. तो वाजत राहिला आणि मी त्याच्याकडे बघत राहिलो. शेवटी हिराजीने उचलला, कानाला लावला, ऐकलं आणि माझ्यापुढे धरला.

"घ्या. बाय हाय."

"अहो," वैशाली म्हणाली. आवाज इतका बारीक होता, की मी दुसऱ्या कानात बोट घातलं. "मी रस्त्याच्या कडेला बसलेय. पाणी देणाऱ्या एका बाईंचा फोन घेतलाय."

"फोन घेतला?" फोनला कान लावून उभे असलेले डॉक्टर पुटपुटले आणि मटकन खाली बसले.

"लागलंय का कुठे?" मी विचारलं.

"नाही. पायही चांगले आहेत. फिनिशचा स्पीकर इथपर्यंत ऐकू येतोय, वेळही हातात होती." ती थांबली. "एकदम छातीत धडधडायला लागलं आणि भीती वाटली. मला माहीतच नव्हतं, ही अशी असते. उठताच येईना. अँब्युलन्स येतेय म्हणतात."

घाबरू नकोस, असं मला म्हणता येईना. ते मला जन्मभर सगळ्यांनी सांगितलंय आणि त्याचा काडीचा उपयोग होत नाही.

"अहो, तुम्हाला भीती वाटते तेव्हा तुम्ही काय करता?"

"तुझ्याकडे बघतो."



"मग मी कुणाकडे बघू?" तिने विचारलं.